ऐन-तूताच्या पेटीतली अकरा मतं

मी न्हावी. ऐन-तूतातलं एकमेव दुकान माझं, त्यामुळे गावातलं प्रत्येक डोकं महिन्यातून एकदा तरी माझ्या हाताखालून जातं. आणि निवडणूक आली की मी गावाची किल्ली. आमच्या डोंगरात अशा माणसाला किल्लीच म्हणतात: कोणत्या घरात किती मतं, कोण कोणावर रुसलंय, कोणाच्या पोराला नोकरी हवीय, हे सगळं ज्याच्या जिभेवर असतं तो. लोक मला नावं ठेवतात ते मला ठाऊक आहे. ठेवू देत. पण वदादची गोष्ट मीच सांगितली पाहिजे, कारण दुसरा कोणी सांगायला लागला तर स्वतःला वगळून सांगेल.

सित्त वदाद, सित्त म्हणजे आमच्याकडे बाई, ही झऱ्याजवळच्या दोन खोल्यांच्या घरात राहणारी नर्स. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, पायात पुरुषी बूट, हातात इंजेक्शनचा पत्र्याचा डबा. लढाईच्या वर्षांत खालचा रस्ता बंद झाला, डॉक्टर पळाले, औषधांचं दुकान जळालं, तेव्हा हीच एक बाई तोफगोळे पडत असतानाही घरोघर जायची. माझा मोठा मुलगा रबीअ तिच्याच हातावर जन्मला. माझ्या आईला शेवटचे चार महिने रोज सकाळ-संध्याकाळ तिनंच सुई टोचली आणि कॉफीच्या एका कपापलीकडे काही घेतलं नाही. पुढे सरकारी दवाखाना आला, तोही तिनंच एकटीनं चालवला आणि साठीला आली तेव्हा त्याला कुलूप लागलं. त्यानंतर कोणी तिला फारसं बोलावेना. गरज सरो, वैद्य मरो.

ती जन्मली आमच्याच गावात, मिल्हेमची थोरली बहीण. लग्न होऊन गेली पलीकडच्या खोऱ्यात, तल-नहलाला. नवरा वहीब बस चालवायचा. एका दुपारी बससकट गेला. चार वर्षांच्या मुलाला, मरवानला, कडेवर घेऊन ती परत आली, आणि मिल्हेमनं बापाच्या जमिनीतून तिला ह्या दोन खोल्या दिल्या. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं ती इथं राहिली. पण आमच्याकडे बाईचं लग्न झालं की तिचं नाव नवऱ्याच्या गावच्या नोंदवहीत जातं आणि मतही तिकडेच. वहीब गेल्यावर अर्ज केला असता तर नाव परत आणता आलं असतं म्हणे. तिनं नाही केला. मरवानचं नाव बापाच्या वहीत, मग पोराला तिथं एकट्याला कसं सोडू, म्हणायची. दर निवडणुकीला पहाटे उठून ती तल-नहलाला जायची. तिथले लोक तिला वहीबची बाई म्हणत. इथले मिल्हेमची बहीण म्हणत. तिच्या नावानं हाक मारणारे राहिले होते थोडे, आणि तेही ताप आला की.

मरवान माँट्रियलला स्थायिक झाला. दर रविवारी फोन करायचा, आणि दर रविवारी तेच: घर विक, इकडे ये, तिथं तुझं आहे कोण? ती चिडायची. फोन ठेवून माझ्या दुकानात यायची, खुर्चीवर बसून गिऱ्हाइकासारखी आरशात बघायची आणि म्हणायची, ह्या पोराला सांगा कोणीतरी, माझं अख्खं गाव आहे.

दोन हजार अठराच्या निवडणुकीआधी कायदा बदलला. आधी जास्त मतं तो आला, साधा हिशेब. आता मत द्यायचं यादीला. यादीला जितकी मतं, तितक्या जागा. आणि शिवाय यादीतल्या एका माणसाच्या फोटोपुढे पसंतीची खूण करायची. यादीच्या वाट्याला आलेल्या जागेवर बसणार कोण, ते त्या खुणांवर ठरणार. ऐकायला किती छान. पण ह्यात एक मेख होती, ती आम्हा किल्ल्यांना पहिल्या दिवशीच कळली. खरा शत्रू समोरच्या यादीत नसतोच. तो तुमच्याच यादीत, तुमच्याच फोटोशेजारी हसत उभा असतो.

आमचे उमेदवार डॉक्टर शफीक. त्यांच्या यादीला फार तर एक जागा मिळणार हे उघड होतं. त्याच यादीत खालच्या शहरातला वकील नौफल होता, पैसेवाला. दोघांतला एकच बसणार. मग यादी भरायला आणखी नावं हवी होती, आणि एखादी बाई असली की फोटो बरा दिसतो. डॉक्टरांनी मला विचारलं, वरच्या गावांतून कोणी स्वच्छ नावाची बाई आहे का? मीच वदादचं नाव सांगितलं. हो, मीच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असली उमेदवारी ती. मला ते माहीत होतं आणि मला वाटलं तिलाही माहीत असेल.

तिला माहीत होतंच. निवडून येणार नाही हे ती पहिल्या दिवशीच हसत म्हणाली. पण फोटो काढायला शहरात जाताना तिनं केस माझ्याकडून कापून घेतले, जन्मात पहिल्यांदा, आणि कापता कापता मला म्हणाली, "जिर्यस, मला खुर्ची नको. आपल्या पेटीत मला किती पडतात, तेवढंच बघायचंय. मरवानला मी सांगितलंय, माझं इथं कोण आहे ते त्या दिवशी कळेल. कोणीच नसलं तर मी घर विकून येते."

मी म्हटलं, सित्त वदाद, असल्या पैजा लावू नका, निवडणूक म्हणजे काय लग्नाची पंगत आहे? ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली. मी कात्री चालवत राहिलो.

आता हिशेब ऐका. आमच्या गावाची पेटी एकच, तीनशेच्या आसपास मतं. मोजणी पेटीनिहाय होते, म्हणजे कोणत्या गावातून कोणाला किती, ते एकेका मतापर्यंत कळतं. नौफल आणि डॉक्टर यांच्यात चारदोनशेचा फरक पडणार असा सगळ्यांचा अंदाज. डॉक्टरांच्या माणसांनी गावं वाटून घेतली आणि मला निरोप आला: ऐन-तूताची प्रत्येक खूण डॉक्टरांना. एकही इकडे तिकडे गेली तर पेटीच बोलेल. मी घरोघर फिरलो. लोकांना समजावलं की वदादला खूण केली तरी ती येणार नाही, उलट डॉक्टरांची एक खूण कमी होईल आणि नौफल बसेल. यादीला मत दिलंत की ते वदादच्या यादीलाच पडलं, मग वदादचा मान राखला नाही का? असं मी सांगायचो, आणि ते सांगताना मला ते खरंही वाटायचं.

लोकांना पटवायला कष्ट पडले नाहीत. मिल्हेमच्या मुलाला वीज खात्यात चिकटायचं होतं. कोणाला रस्ता हवा होता, कोणाला जामीन. आणि प्रत्येक जण शेवटी एकच वाक्य बोलायचा: मी डॉक्टरांना देतो, तिला काय, बाकीचे देतीलच की. अख्खं गाव बाकीच्यांवर विसंबून होतं. मी स्वतःही. मी मनात म्हटलं होतं, मिल्हेम तर देईलच, सख्खा भाऊ आहे.

मतदानाच्या दिवशी गावात झेंडे लावलेल्या गाड्यांची ही गर्दी. शहरातून, समुद्राकाठून, जिथं जिथं गावची माणसं पांगलीत तिथून त्यांना आणत होते. आणि गावची उमेदवार मात्र सकाळी सातला झऱ्यावरून पिशवी घेऊन चालत आली आणि तल-नहलाच्या व्हॅनमध्ये बसली. मी म्हटलं, आजच्या दिवशी तरी इथं थांबा, दाराशी उभं राहून लोकांना दिसा. ती म्हणाली, मत वाया घालवू नका असं मीच सांगत फिरलेय, मग माझंच कसं घालवू? तल-नहला वेगळ्या मतदारसंघात, म्हणून उमेदवार असूनही स्वतःपुढे खूण करायची तिला सोय नव्हती. झेंड्याच्या एकाही गाडीवाल्यानं तिला सोडतो असं म्हटलं नाही. माझीही गाडी दाराशीच उभी होती. दुपारपर्यंत लोकांना तर बहाणाच मिळाला: बघा, ती स्वतःच गावात नाही.

मोजणी शाळेच्या वर्गात झाली. मी डॉक्टरांचा प्रतिनिधी म्हणून बाकावर बसलो होतो, मांडीवर कागद, प्रत्येक नावापुढे रेघा ओढायला. कागद एकेक करून पडद्यावर दाखवत होते. डॉक्टर. डॉक्टर. दुसरी यादी. डॉक्टर. बाद. डॉक्टर. पहिल्या शंभरात वदादचं नाव आलं नाही तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पेटी माझ्या शब्दात राहिली होती. दोनशेनंतर मी मनात म्हणायला लागलो, आता एक येऊ दे. एकच. शेवटच्या दहा-बाराला मी पेन तिच्या नावापुढेच टेकवून ठेवलं. तीनशे बारा मतं. डॉक्टर शफीक दोनशे एकतीस. नौफल चार. बाकीच्या याद्या, काही बाद. वदादच्या नावापुढे माझ्या कागदावर एकही रेघ नव्हती. मतदान केंद्राच्या अध्यक्षांनी सही केली, शिक्का मारला आणि एक प्रत दारावर चिकटवली. डॉक्टरांनी फोनवर माझं नाव घेऊन कौतुक केलं.

सोमवारी सकाळी मी शटर उचलतोय तोवर ती आली. अंगठ्याला शाई, कालचेच कपडे. आत येऊन खुर्चीवर बसली. आधी तल-नहलाचंच सांगत बसली. तिथल्या एका यादीत शेवटी एका टायरवाल्याचा फोटो होता, गत्तास नावाचा. केंद्राबाहेर एकटाच उभा होता म्हणे, बाकी उमेदवारांभोवती माणसं, आणि ह्याच्या हातात स्वतःचीच पत्रकं, कोणी घेईना. तिनं त्यालाच खूण केली.

मी म्हटलं, वाया घालवलंत की मत.

"वाया कसं? त्याला एक मिळालं," ती म्हणाली. मग तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि विचारलं, "आपल्या पेटीत माझं काय झालं?"

मी वस्तरा धुवत होतो. पाठमोरा होतो म्हणून जमलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हटलं, "अकरा."

"अकरा," ती म्हणाली. "तुझं धरून?"

"माझं धरून."

ती म्हणाली, अकरा म्हणजे काही कमी नाही, आणि गेली. मला वाटलं, बाईचं मन राखलं. अकराच का म्हटलं कोण जाणे. दहा फार गोल वाटलं असेल. दिवसभर मी स्वतःवर खूश होतो. डॉक्टर तर नौफलवर चारशेहून अधिक मतांनी आलेच होते. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं की अकरा खरंच तिच्याकडे गेली असती, किंवा पन्नास, तरी काहीही बिघडलं नसतं.

पुढच्या रविवारी तिनं सफूफ केला. रव्याचा, हळदीचा केक, वर बदाम लावलेला, परातीच्या पराती. प्रार्थनेहून लोक घरी परतले आणि ही बशा घेऊन निघाली. पहिली बशी माझ्याकडे. म्हणाली, अकरा कोण ते मला माहीत नाही, एक तू, बाकीचे दहा कसे ओळखणार? म्हणून सगळ्याच घरी देते. त्यांच्यातला एकही सुटायला नको. मी बशी घेतली. माझ्या बायकोनं, रोझनं, आतून विचारलं कोण आहे, मी म्हटलं कोणी नाही.

मग आठवडाभर जो कोणी खुर्चीवर बसला त्यानं मला तेच सांगितलं. सित्त वदाद आली होती, सफूफ दिला, अकरा मतांचे आभार मानले. मग तुम्ही काय म्हणालात? म्हणायचं काय, अकरातला एक मीच. सुतार म्हणाला मी. बेकरीवाला म्हणाला मी आणि माझी बायको, दोघं. ज्यांनी दुसऱ्याच यादीला मत दिलं होतं आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, तेही अकरात. मिल्हेमनं तर गळ्यात पडून सांगितलं, रक्ताचं नातं आहे वदाद, मी दुसऱ्या कोणाला देईन का? शनिवारपर्यंत अकरा मतांचे सत्तरेक मालक झाले. मला हसू येत होतं. गिऱ्हाईक गेलं की हसायचो, आणि मग आरशात स्वतःचं तोंड दिसलं की बंद करायचो.

उन्हाळ्यात तिनं घर विकायला काढलं. मी चकित. विचारायला गेलो तर म्हणाली, गुडघे दुखतात, हिवाळा सोसवत नाही. घर मिल्हेमनंच घेतलं, वीज खात्यातल्या मुलासाठी. तिच्या ओट्यावर त्या दिवशीही दोन कप मांडलेले होते. एक तिचा, दुसरा कोणी आलं तर. मी बसलो नाही, दुकान उघडं होतं.

ऑक्टोबरात ती निघाली. सकाळी माझ्या दुकानासमोर एक सूटकेस घेऊन उभी राहिली, विमानतळाची टॅक्सी तिथंच यायची होती. खुर्चीवर सुतार, त्याच्या गालाला साबण. मी बाहेर आलो. हाताला फेस होता म्हणून हात मिळवता येईना. सहज बोलावं तसं ती म्हणाली,

"शाळेच्या दारावरचा कागद मी वाचला होता, जिर्यस. त्या सोमवारी, तुझ्याकडे यायच्या आधी."

झऱ्याकडून माझ्या दुकानाकडे यायला वाट एकच, शाळेवरून. आणि चष्मा तिच्या गळ्यातच. चाळीस वर्षं मी तिला त्या वाटेनं येताना पाहिलंय. एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात आली नव्हती.

मी म्हटलं, "मग त्या बशा?"

"शून्य पडलं म्हणून मी जात नाही," ती म्हणाली. "मत कोणाला द्यायचं ते ज्याच्या त्याच्या गरजेवर असतं, मला समजतं ते. मी घरोघर गेले ते एवढ्यासाठीच, की एक तरी म्हणेल, नाही वदाद, मी तुला नाही दिलं. तेवढं कोणी म्हणालं असतं तर मी राहिले असते. त्याच्या घरी जाऊन बसले असते संध्याकाळची."

सुतार आत साबणासकट बसला होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. रस्त्याच्या वळणावर टॅक्सीचा हॉर्न वाजला. पाच महिने जे वाक्य माझ्या तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं.

"सित्त वदाद, मी तुम्हाला मत नाही दिलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. राग असता तर बरं झालं असतं. इंजेक्शन द्यायच्या आधी पोराच्या दंडावर चापट मारायची तशी तिनं माझ्या दंडावर एक हलकी चापट मारली.

"आता गाडी आली, बाबा," ती म्हणाली.

सूटकेस मी उचलून मागे ठेवली. ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, चष्मा लावला आणि शाळेवरून जाताना काचेतून बाहेर पाहिलं की नाही ते मला इथून दिसलं नाही. आत येऊन सुताराची दाढी पूर्ण केली. जाताना तो दारात थांबला, म्हणाला, जिर्यस, मीही नव्हतं दिलं. मी म्हटलं, मला काय सांगतोस? मी काय करू त्याचं?

त्या रात्री जेवण झाल्यावर मी रबीअकडून फोनवर निकालांचं पान उघडून घेतलं. आमचं गाव नको म्हटलं, तल-नहला काढ. पेटी तिसरी, शेवटची यादी, शेवटचं नाव. गत्तास टायरवाला: एक. तो माणूस तिकडे अजून विचारत असेल घरोघर, कोणी दिलं म्हणून. त्याला जाऊन सांगावं असं मला दर वर्षी वाटतं. खोरं दोन तासांवर आहे, गाडी दाराशी आहे, आणि मी अजून गेलेलो नाही.